वय कशाने मोजावे?

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात मुरुड म्हणून समुद्रकाठचे गाव आहे. इ. स. १८७५ साली त्या गावची काही मुले सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसण्याकरिता साताऱ्यास निघाली. वेळ थोडा उरलेला, म्हणून सह्याद्रीचे डोंगर ओलांडून शंभराहून अधिक मैलांची वाट ती पायीच चालून गेली. परीक्षेस बसणाऱ्याचे वय सतरा वर्षांचे पाहिजे असा नियम होता. या मुलांपैकी एकजण अंगाने बारीक व उंचीने ठेंगू होता. त्याला पाहताच परीक्षकांनी ठरविले की, हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही, आणि त्याला परीक्षेस बसू न देता परत पाठविले. वास्तविक १८ एप्रिल १८५८ ही त्याची जन्मतारीख. सतरा वर्षे त्याला पुरी झालेली होती. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले, महिला विद्यापीठाचे संस्थापक झाले, आणि वयाची १०४ वर्षे पुरी करून १९६२ साली निवर्तले.

ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत असताना वाचलेली असेल, व चिकाटीचा धडा म्हणून तिचा उपयोगही झाला असेल. मला ती निराळ्याच कारणासाठी आठवते. माणसाचा विकास जन्मापासून मरणापर्यंत कसा होत जातो याचा अभ्यास करणारे जे मानसशास्त्र आहे, त्याच्या वाटेत पहिली अडचण नेमकी हीच उभी राहते. समोरचा माणूस वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे कशावरून ठरवावयाचे? चेहऱ्यावरून, पंचांगावरून की बुद्धीवरून? साताऱ्याच्या परीक्षकांनी डोळ्यांवर भरवसा ठेवला. आपण घरात रोज तेच करीत असतो. शेजारच्या मुलापेक्षा आपला मुलगा उशिरा बोलू लागला की तो मंद ठरतो, आजीला दूरध्वनीवरचे नवे यंत्र चालविता आले नाही की तिची बुद्धी ढळली असे ठरते. दोन्ही निकाल एका नजरेत दिलेले असतात, आणि ज्याच्याविषयी ते दिले जातात त्याला ते दीर्घकाळ भोगावे लागतात.

पंचांगाच्या वयाविषयी आपल्या घरांतून सहसा घोटाळा होत नाही. पत्रिका मांडावयाची म्हणून जन्माची घटका-पळे देखील टिपून ठेवण्याची जुनी चाल आहे; तिच्यातील फलज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, जन्मवेळेची नोंद म्हणून तिची किंमत मोठी आहे. परंतु कोकणातच दोन वाड्या ओलांडून गेल्यास वय सांगण्याची रीत बदलते. "रामदास बोट बुडाली त्या साली मी पाळण्यात होते", किंवा "कोयनेच्या भूकंपाच्या वेळी माझे लग्न ठरत होते", अशी उत्तरे म्हाताऱ्या बायकांकडून मिळतात. ती टाकाऊ मुळीच नव्हेत. रामदास १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला, तेव्हा त्यांवरून वयाचा बरा अंदाज बांधता येतो. मोजणीदाराने मात्र घाई केली की साठ, पासष्ट, सत्तर असे गोल आकडे पडतात. खानेसुमारीच्या कागदांत शून्य आणि पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांची जी अस्वाभाविक गर्दी आढळते ती अशीच झालेली असते.

बुद्धीचे वय ही कल्पना फ्रान्समधून आली. आल्फ्रेड बीने याने १९०५ साली पॅरिसच्या शाळांतील मुलांसाठी प्रश्नांची एक मालिका तयार केली, आणि अमुक वयाची बहुतेक मुले कोठवर उत्तरे देतात ते पाहून मुलाचे मानसिक वय ठरविण्याची सोय केली. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी या कसोट्यांचे मराठी व कानडी मुलांकरिता रूपांतर केले. कामतांच्या नावाने ती चाचणी पुढे कित्येक दशके आपल्या देशातील दवाखान्यांतून व शाळांतून वापरली गेली. बीनेचा स्वतःचा हेतू मर्यादित होता. ज्या मुलांना शिकताना अधिक साहाय्य लागेल ती वेळीच ओळखावीत, एवढेच त्याला हवे होते. त्या आकड्याला जन्मभराचा शिक्का करण्याचे काम मागाहून इतरांनी केले.

तान्ह्या मुलांविषयी असेच काम बडोद्यास झाले, आणि ते एका मराठी नावाच्या विदुषीने केले याचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही. नॅन्सी बेली या अमेरिकन बाईंच्या मोजपट्टीवरून प्रमिला फाटक यांनी बडोद्याची बाळे महिन्या-महिन्याला पाहून आपल्या देशातील अर्भकांसाठी मोजपट्टी बसविली. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मनोव्यापारांच्या १६३ बाबी आहेत. मान धरणे, कुशीवर होणे, लपविलेली वस्तू शोधणे या गोष्टी घरच्या बाईला नव्या नाहीत. पण कोणती गोष्ट किती महिन्यांनी किती बाळे करू लागतात हे मोजून सांगणे वेगळे. त्या मोजणीतून आईला जो मोठा दिलासा मिळतो तो हा की, 'योग्य वेळ' ही एक तारीख नसून बराच रुंद पट्टा असतो.

घरातील मुलावरूनच शास्त्र उभारण्याची परंपराही जुनी आहे. डार्विनने आपल्या पहिल्या मुलाच्या बाळपणीची टिपणे १८७७ साली प्रसिद्ध केली. स्वित्झर्लंडातील झां पियाजे याला १९२५ ते १९३१ या काळात तीन मुले झाली, आणि त्या तिघांच्या पाळण्याशेजारी बसून केलेल्या निरीक्षणांवर त्याने बालबुद्धीच्या विकासाच्या पायऱ्या मांडल्या. त्याचा पाण्याचा प्रयोग कोणत्याही स्वयंपाकघरात करता येईल. सारख्या आकाराच्या दोन पेल्यांत सारखे दूध ओतावे व चार-पाच वर्षांच्या मुलास विचारावे की दोन्हींत सारखे आहे ना? तो 'हो' म्हणेल. मग त्याच्या देखत एका पेल्यातील दूध उंच व अरुंद पेल्यात ओतावे आणि पुन्हा विचारावे. बहुतेक मुले आता उंच पेल्यात दूध जास्त आहे असे सांगतात. सातआठ वर्षांचा भाऊ शेजारी असल्यास तो हसू लागतो. पियाजेने यावरून असे अनुमान काढले की, लहान मुलाच्या बुद्धीला एका वेळी एकच माप धरता येते. उंची धरली की रुंदी सुटते.

येथे एक गंमत घडली. १९७४ साली काही संशोधकांच्या ध्यानात आले की, प्रश्न दोनदा विचारल्यामुळेच मूल गोंधळते. मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आपले पहिले उत्तर चुकले असले पाहिजे, असा मुलाचा व्यवहारज्ञानाचा तर्क असतो, आणि आपल्याकडील मुलांना तर तो फारच चांगला येतो. प्रश्न एकदाच विचारला, ओतण्यापूर्वी न विचारता ओतल्यानंतरच विचारला, तर अधिक मुले बरोबर उत्तर देतात. पियाजेच्या पायऱ्या त्यामुळे कोसळल्या नाहीत, परंतु प्रत्येक पायरीवर मूल केव्हा चढते हे पाहणाऱ्याच्या रीतीवरही अवलंबून असते, एवढे सिद्ध झाले. मुलाची परीक्षा घेताना परीक्षकाचीही परीक्षा चाललेली असते.

आता म्हातारपणाकडे वळू, कारण तेथे झालेली चूक अधिक मोठी आहे आणि ती अजून घरोघर चालू आहे. बुद्धी वयाबरोबर क्षीण होते हे सिद्ध करावयाचे तर सोपा मार्ग असा की, वीस, चाळीस, साठ व ऐंशी वर्षांची माणसे एकाच दिवशी बोलावून सर्वांना एकच चाचणी द्यावी. पूर्वी असेच करीत, आणि तिशीनंतर उतार लागतो असे त्यातून दिसे. पण त्या दिवशी आलेली ऐंशी वर्षांची बाई आणि वीस वर्षांची मुलगी यांच्यात केवळ साठ वर्षांचे अंतर नसते. एक दुसरीतून शाळा सोडून न्हाणीघरात पाणी तापवीत बसली, दुसरी बारा-पंधरा वर्षे शाळा-कॉलेजात गेली. एकीला लहानपणी हिवतापाने गाठले, दुसरीला लशी टोचल्या गेल्या. त्यांच्या गुणांतील फरकाला 'वय' हे एकच नाव देणे म्हणजे पिढीचा हिशेब माणसाच्या खात्यावर मांडणे होय.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी वॉर्नर शाय या तरुण अभ्यासकाने १९५६ साली पाचशे माणसे निवडून हा हिशेब वेगळा करण्याचा उद्योग आरंभिला. दर सात वर्षांनी तीच माणसे तो पुन्हा तपासी, आणि प्रत्येक खेपेस नवी माणसेही घेई. अर्धशतकाहून अधिक काळ हे काम चालले. त्यातून दिसून आले की, एकाच माणसाचा माग धरला असता बहुतेक बौद्धिक शक्ती साठीपर्यंत टिकून राहतात. कामाचा वेग आधी मंदावतो, पण शब्दज्ञान पुष्कळ पुढेपर्यंत शाबूत असते, किंबहुना वाढते. तिशीतील तो उतार पुष्कळ अंशी पिढ्यांमधील अंतराचा होता. मात्र शायच्या पद्धतीतही एक गोम आहे. पुन्हा तपासणीस येतात ती बहुधा धडधाकट माणसे. आजारी व खचलेली गळून जातात, आणि मग म्हातारपण वस्तुस्थितीहून थोडे गोजिरे दिसू लागते.

ही गळती कोकणातल्याइतकी ठळक क्वचितच कोठे दिसत असेल. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती, ती २०११ च्या खानेसुमारीत १६,१५,०६९ वर आली. जन्म थांबले म्हणून नव्हे, माणसे गेली म्हणून. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण त्याच वर्षी ११२२ भरले; सबंध महाराष्ट्राचे ९२९ होते. जो अभ्यासक एखाद्या वाडीत जाऊन 'कोकणी माणसाचा' जीवनक्रम लिहू पाहील त्याला तेथे मुले, बायका व म्हातारी माणसे भेटतील. कर्ता पुरुष मुंबईस आहे, आणि त्याच्या आयुष्याची मधली पंचवीस वर्षे त्या वाडीच्या कागदावर कोरीच राहतील. मुंबईच्याच लोकसंख्याशास्त्र संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पहिली पाहणी केली, ती पुढील फेऱ्यांत त्याच माणसांकडे परत जाण्याच्या इराद्याने. अशा कामात पहिल्या भेटीपेक्षा दुसरी भेटच कठीण असते.

मानवी आयुष्याच्या पायऱ्या सांगणारा सर्वांत प्रसिद्ध विचारवंत म्हणजे एरिक एरिक्सन. १९५० साली त्याने जन्मापासून वार्धक्यापर्यंत आठ अवस्था मांडल्या. प्रत्येक अवस्थेत एक पेच असतो आणि तो कसा सुटतो त्यावर पुढची वाट अवलंबून असते; पौगंडावस्थेत 'मी कोण' हा पेच, तारुण्यात जिव्हाळ्याचा, मध्यवयात पुढच्या पिढीसाठी काही निर्माण करण्याचा, आणि शेवटी झाल्या आयुष्याचा स्वीकार करण्याचा. आपल्या आश्रमधर्माशी हिचे साम्य सुधीर कक्कर यांनी १९६८ साली दाखविले. साम्य आहे खरे. तरीपण आपल्याकडे ते ऐकून जो आनंद होतो त्यात थोडी सावधगिरी असावी. आश्रम हे कसे जगावे याचे विधान आहे, एरिक्सन माणसे कशी जगतात ते सांगू पाहतो. शिवाय चार आश्रम सांगितले ते द्विज पुरुषाला. त्याच्या बायकोची वाटचाल त्यांत कोठे बसते?

ती कशी बसत नाही हे पाहण्यास पुन्हा कर्व्यांच्याच घरी जाऊ. गोदूबाई जोशी मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखच्या. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी वैधव्य आले. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे सासरच्या कामात गेली. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदासदन काढले, त्यातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे या गोदूबाई. विशी उलटलेली बाई लहान मुलींच्या बरोबरीने धडे गिरवू लागली. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, त्या आनंदीबाई झाल्या, आणि मुरुडकरांनी या जोडप्यावर बहिष्कार घातला. आता एरिक्सनची पट्टी लावून पाहा. 'मी कोण' हा प्रश्न बारा ते अठरा या वयात त्यांना कोणी विचारूच दिला नव्हता; त्याचे उत्तर आठव्या वर्षीच इतरांनी देऊन ठेवले होते. तो प्रश्न त्यांच्या आयुष्यात विशीनंतर उभा राहिला, तोही शाळेच्या बाकावर. एरिक्सनच्या पायऱ्या खोट्या नव्हेत. पण त्यांचा क्रम व वय ही मुख्यतः व्हिएन्ना आणि अमेरिका येथील अनुभवावरून ठरलेली आहेत. ज्या समाजात बाळपण आठव्या वर्षी मोडते तेथे ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत. उलट सातव्या अवस्थेविषयी एरिक्सनचे म्हणणे अण्णासाहेबांवरून इतके खरे ठरते की त्याने कर्व्यांवरच ग्रंथ लिहिला असता तरी चालते. महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्यांचे वय ५८. जगप्रवासास निघाले तेव्हा ७१ च्या आसपास. खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापिले ते अठ्ठ्याहत्तरीत, आणि समता संघ काढला तो शहाऐंशीच्या सुमारास.

या दोघांचे आयुष्य आपणांस कळते ते त्यांनी लिहून ठेवले म्हणून. अण्णासाहेबांचे आत्मवृत्त आहे आणि आनंदीबाईंचे 'माझे पुराण' १९४४ साली प्रसिद्ध झाले. अशी दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचणे हीही संशोधनाची एक पद्धती आहे, कारण एकाच घरातील त्याच वर्षांचे दोन साक्षीदार त्यांत सापडतात. आठवणींवर सर्वस्वी विसंबता मात्र येत नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसास आयुष्य आठवावयास सांगितले तर दहा ते तीस या वयातील प्रसंग प्रमाणाबाहेर अधिक आठवतात, हे पुष्कळ प्रयोगांतून आढळून आलेले आहे. आजोबांच्या गोष्टी सदैव कॉलेजच्या दिवसांत का घुटमळतात, याचे हे एक कारण.

म्हणून जे घडत आहे ते घडत असतानाच टिपून ठेवणे बरे. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात मार्गारेट बर्नसाइड नावाच्या आरोग्य-अधिकारी बाईंच्या देखरेखीखाली सुइणी व परिचारिका १९११ पासून प्रत्येक बाळाचे जन्मवजन आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वह्यांत लिहीत. त्या वह्या डेव्हिड बार्कर यांच्या हाती पडल्या, आणि १९८९ साली त्यांनी दाखविले की, कमी वजनाने जन्मलेली व वर्षभरात कमी वाढलेली बाळे मोठेपणी हृदयविकाराने अधिक दगावली होती. पुण्यास डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळपासच्या सहा खेड्यांतील स्त्रिया गर्भधारणेपूर्वीपासून पाहण्यास घेतल्या, आणि त्यांची मुले सहाव्या, बाराव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासली. ही बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आतबाहेर भरली. दिसण्यात किरकोळ, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक. त्यांच्याच गटाने २००८ साली आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली, ती आपल्या शाकाहारी घरांनी लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी अवधान व तात्पुरती स्मृती यांच्या काही चाचण्यांत मागे पडली.

केवळ एवढ्यावरून आईच्या ब-१२ मुळेच असे झाले म्हणता येत नाही; ज्या घरी दूध कमी त्या घरी पुस्तकेही कमी असू शकतील. हा संशय फेडण्यासाठी त्याच मुलांपैकी, आता वयात आलेल्या मुलामुलींना २०१२ पासून चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून काहींना ब-१२ व काहींना नुसती गोळी देण्यात आली. त्यांतील मुली पुढे आया झाल्या. त्यांच्या बाळांच्या जन्मवजनात फरक पडला नाही. पण दोन वर्षांची झाल्यावर, ज्यांच्या आयांना ब-१२ मिळाले होते त्यांची समज व भाषा काहीशी सरस आढळली. तपासलेल्या मुलांची संख्या लहान होती, तेव्हा यावर शेवटचा शब्द झाला असे कोणी समजू नये. मात्र लग्न ठरलेल्या मुलीच्या रक्तातील ब-१२ पाहून घेण्यास, पत्रिका पाहण्याहून अधिक वेळ व खर्च लागत नाही.

असाच उद्योग खुद्द रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील डेरवण येथे वालावलकर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०१९ साली हाती घेतला. सोळा ते अठरा वर्षांच्या सुमारे दीड हजार मुली त्यात घ्यावयाच्या, आणि त्यांचे लग्न, गरोदरपण व पुढे त्यांची मुले येथपर्यंत माग ठेवावयाचा, असा तो बेत आहे. विकासाचा अभ्यास पाळण्यापाशी सुरू न करता पाळणा हलविणारी अजून शाळेत असतानाच सुरू करावा, हा त्यातील विचार. यापुढील अडचण कोकणातील प्रत्येक आईस ठाऊक आहे. यांतील बऱ्याच मुली लग्न होऊन मुंबईस, ठाण्यास, पुण्यास जातील. पत्ता बदलेल, आडनाव बदलेल, दूरध्वनीचा क्रमांक बदलेल, आणि सासरचे लोक म्हणतील, तुमच्या दवाखान्याशी आता आमचा काय संबंध? ज्या सापडणार नाहीत त्यांचे आयुष्य सापडलेल्यांसारखेच असेल असे धरून चालता येणार नाही. गोदूबाईंसारखी मुलगी कोणत्याही वहीतून सर्वांत आधी गळाली असती.

पेल्यांचा प्रयोग ज्या वाचकभगिनी आपल्या घरी करून पाहतील त्यांनी मुलाचे उत्तर त्याच्याच शब्दांत कळवावे. प्रश्न एकदा विचारला की दोनदा तेही लिहावे, आणि मुलाचे वय वर्षे व महिने यांसह द्यावे.